दाजींचं न सांगायचं दुखणं

लालबागच्या आमच्या चाळीत दुसऱ्या मजल्याच्या गॅलरीच्या टोकाला चार सामाईक संडास होते. तिथे कुणी कामाशिवाय उभं राहत नसे. दाजी परब मात्र सकाळपासून पत्र्याची खुर्ची टाकून तिथेच बसत. पेपर तिथे, चहा तिथे. कुणी थट्टा केली की पोटावर थाप मारून म्हणत, "मिल सुटली, पण बॉयलर चालूच आसा!"

संपाआधी दाजी विणकर होते. चार साच्यांमधल्या, म्हणजे मागांमधल्या, अरुंद वाटेनं आठ तास येरझारा घालणारा हडकुळा माणूस. भिंतीवरच्या फोटोत ते ओळखूही येत नसत. संप लांबला, मिल उघडली तेव्हा दाजींना परत घेतलं नाही. त्यांच्या बायकोनं, काकींनी, घरातच खानावळ काढली. दाजी बसल्या जागी नारळ खवून देत, मासे साफ करत आणि उरलंसुरलं वाया जाऊ नये म्हणून जेवत. दहा-बारा वर्षांत वजन शंभरच्या पुढे गेलं.

मी त्यांची शेजारीण, परळच्या एका हॉस्पिटलात नर्स. एकदा ड्यूटीवरून येत होते, तर दाजींनी हाक मारली. आजूबाजूला पाहून, माझ्याकडे न बघता म्हणाले, "बाय, तू घाटावरची, तुझ्या तोंडातून गोष्ट गावाक जावची नाय, म्हणान सांगतंय. माका लघवी रवत नाय. आणि गेलंय तर लवकर सुटत नाय."

तेव्हा मला त्या खुर्चीचा अर्थ कळला. दोन वर्षं हा माणूस संडासापासून लांब गेलाच नव्हता. भायखळ्याला राहणाऱ्या मुलीकडेसुद्धा नाही. काकींनाही नीट ठाऊक नव्हतं.

मी त्यांना ओपीडीत नेलं. प्रोस्टेटची गाठ वाढली होती. कॅन्सर नव्हता, ऑपरेशनची घाईही नव्हती. डॉक्टरांनी गोळी दिली. गोळीनं उठताना चक्कर यायची; आराम मात्र जेमतेम. तीन महिन्यांनी डॉक्टरांनी त्यांना काट्यावर उभं केलं आणि म्हणाले, "गोळी तिचं काम करेल हो, पण या पोटाचा भार खाली पडतोय. वजन उतरवा. रोज तासभर चाला."

बाहेर येऊन दाजी बाकावर बसले. "आयकलंस? चालूक जावचा तर संडास सोडूक व्हयो. संडास सोडूचो तर वजन उतरूक व्हया. आता ह्या टाळ्याची चावी खय आसा, तां सांग!" मी हसले. ते हसले नाहीत.

त्याच वर्षी कुडाळजवळच्या गावी त्यांची थोरली बहीण गेली. आई लहानपणी वारल्यावर तिनंच त्यांना वाढवलं होतं. निरोप आला तसे दाजी काकींबरोबर बसमध्ये जाऊन बसले. कंडक्टर म्हणाला, पनवेल येईपर्यंत गाडी थांबणार नाही. दाजींनी पिशवी काकींच्या मांडीवर ठेवली आणि ते खाली उतरले. काकी एकट्या गेल्या. तिथे भाच्यानं सगळ्यांदेखत विचारलं, "मामाक सख्ख्या बहिणीपेक्षा मोठा काम काय होता?"

त्या परतल्यावर दाजींनी त्यांना सगळं सांगितलं. काकी ओरडल्या नाहीत. नुसत्या म्हणाल्या, "माका आधी सांगला असतास तर मी तिकडे मान खाली घालून बसलंय नसतंय."

दुसऱ्या दिवसापासून दाजी गॅलरीत चालू लागले. या टोकाकडून त्या टोकाकडे, पुन्हा संडासाकडे. बायकांच्या बादल्या चुकवत, सुकत घातलेल्या पापडांच्या प्लास्टिकवरून पाय उचलत, घामानं निथळत. "दाजी, साचे चालू झाले काय?" पोरं ओरडायची. भात निम्म्यावर आला. काकींना ते लागलं. "माझ्या हातचा जेवाण नको झाला तुमका?" दाजी म्हणाले, "जेवाण व्हया गो. पण माका हयसून भायर पडूचा आसा."

कधी महिनाभर काटा हलायचा नाही. एकदा चिडून त्यांनी गोळ्यांची पट्टीच खाली चौकात भिरकावली आणि मग स्वतःच धापा टाकत जाऊन शोधून आणली. वर्षभरात सतरा किलो उतरले. गोळीचा गुण आता जाणवू लागला. दुखणं गेलं नव्हतं, पण दोन तासांची मोकळीक मिळाली होती.

त्या दोन तासांच्या बळावर दाजी गावी निघाले. थेट गाडी धरलीच नाही. पनवेल, महाड, चिपळूण असे जवळच्या अंतराच्या गाड्या बदलत, प्रत्येक स्टँडवर उतरत, दोन दिवसांनी पोचले. तिथलं दाजींनी नंतर काकींना सांगितलं आणि काकींनी मला. भाचा ओटीवर बसला होता. त्यानं पाणीसुद्धा विचारलं नाही. वाडीतली चार माणसं जमली. दाजी उभ्यानंच म्हणाले, "बहिणीच्या मयताक मी येवक नाय. माका लघवीचो आजार आसा. बसमध्ये कपडे ओले होतले म्हणान भियालंय."

भाच्यानं उठून त्यांना खुर्ची दिली. मग हळूच म्हणाला, "मामानू, आमच्या बाबांचापण ताच चललाहा. मागच्या पडवीतसून हलणत नाय. विचारला तर अंगावर येतत."

दहाव्या दिवशी माझं दार वाजलं. दारात दाजी, आणि त्यांच्यामागे धोतरातले एक वाळके म्हातारे. त्यांचे भाऊजी, त्या भाच्याचे वडील. स्टँडास्टँडावर उतरत दोघं मुंबईला आले होते. मी आत घेतलं, पाणी दिलं, डॉक्टरांना दाखवायला कागद-पेन घेतलं आणि विचारलं, "काय त्रास होतो, काका?"

म्हाताऱ्यांनी दाजींकडे पाहिलं.

"तेंका बोलूक लाज वाटता," दाजी म्हणाले. "मी सांगतंय. तू लिव."