विमलबाईची हाक

माझी मोठी जाऊ विमलबाई हल्ली कुणाला हाक मारत नाय. माणूस हवं असलं की उठून त्याच्यापर्यंत चालत जाते आणि हाताला धरून आणते. पळसदरीत नवीन आलेल्या लोकांना वाटतं, म्हातारीचा घसा बसलाय. बसलाय कसला! ही बाई ओरडली की धरणापलीकडची म्हैस मान वर करायची.

मी सुगंधा, तिच्या धाकट्या दिराची बायको. आमची घरं पाठीला पाठ लावून. तिच्याकडं कोंबडा शिजला की माझ्याकडं वास, आणि माझ्याकडं भांडण झालं की तिच्याकडं बातमी. तेव्हा सांगते ते डोळ्यांदेखतचं हाय, ऐकीव नाय.

विमलबाई माहेरी अर्धपोटी वाढलेली. ताटातलं शीत न् शीत वेचून खायची, आणि आमच्या पोरांनी घास टाकला की पाठीत धपाटा. तिचा नवरा गेल्यावर ती धरणाकडच्या बंगल्यांत स्वयंपाकाला लागली. शनिवार-रविवार मुंबईची माणसं यायची. मटण काय, कोंबडी काय, भाकऱ्यांची चवड काय! खाणार चिमणीएवढं न् टाकणार हत्तीएवढं. हिचा जीव तुटायचा. "अगं सुगंधे, अन्न हाय हे. मातीत कसं घालू?" मग उरलंसुरलं घमेल्यात भरून डोक्यावर घ्यायची, आमच्या घरामागं ओढ्याकाठी करंजाखाली आणून ओतायची, आणि हाक द्यायची, "आऽ यू यू यू!"

कुत्री धावत यायची. आधी गावातलीच होती, मग कुठकुठनं येऊन चिकटली. कुत्र्या व्याल्या, आणि एरवी निम्मी मरतात ती पिल्लं सगळी जगली. टोळीच झाली. गाव शिव्या घालायचं, पण विमलबाईचं आपलं एकच, "मुक्या जिवाच्या मुखात घास पडतोय, तुमचं काय जातं?" मी म्हणायची, "जाऊबाय, पुण्य तुमाला न् चावे आमाला."

गेल्या वर्षी दिवाळीनंतर कुत्री कमी व्हायला लागली. पहिली गेली ती लंगडी, मग पिल्लं. खरं सांगू? मला बरं वाटलं. गाडीखाली मेली असतील, म्हटलं. मग एका सकाळी मी ओढ्यावर गवत कापायला गेले, आणि करंजाच्या फांदीवर काळ्या कुत्र्याचं अर्धं धड लटकताना दिसलं. खाली चिखलात पंजे उमटलेले. विळा तिथंच टाकून मी घराकडं पळाले.

जंगल खात्याचा माणूस आला. त्यानं पंजे बघितले, मग विमलबाईचं घमेलं बघितलं. "मावशी, बिबट्या हाय. हाडं कुत्र्यांच्या पोटात, आणि कुत्री त्याच्या पोटात. तुमी वाढताय ते सगळं शेवटी त्यालाच पोचतंय. घमेलं बंद करा आणि पोर सांभाळा."

मला ते पटलं. इतक्या वर्षांचं घमेल्यांवर घमेली अन्न, डोंगर झाला असता त्याचा. त्यातनं उभी राहिली एक टोळी कुत्री, आणि त्या अख्ख्या टोळीवर पोसलं एक वाघरू.

पोर म्हणजे रिया, विमलबाईची नात, पाच वर्षांची. तिच्या लेकाला न् सुनेला खालापूरकडं कंपनीत पाळी, त्यामुळं रिया दिवसभर आजीच्या पदराला. विमलबाईनं घमेलं पालथं घातलं ते त्या पोरीसाठी.

पण घमेलं पालथं घातलं म्हणून भूक थोडीच बंद होते? कुत्री ओढ्यावरनं उठली न् तिच्या अंगणात येऊन बसली. त्यांच्या मागनं पंजेही आले, तिनंच घमेलं नेऊन नेऊन पाडलेल्या पायवाटेवरनं. विमलबाई दगड मारायची न् रडायची. "जा रं, जा मेल्यांनो, माझ्या दारात नको." ती जायची, पुन्हा यायची, आणि रोज एखादं कमी असायचं. मग एकही उरलं नाय. राहिला तो फक्त खंड्या, रियाचा लाडका, पडवीत साखळीनं बांधलेला.

"आता बिबट्या काय खाणार? जाईल निघून," मी म्हटलं.

"कुठं जाईल गं?" विमलबाई म्हणाली. "उपाशी जीव आधी जुन्याच दारात येतो. मला नको सांगू भूक काय असते ती."

माघातली गोष्ट. दिवस मावळायला आला होता, मी दोरीवरचे कपडे काढत होते. तेवढ्यात ओढ्याकडनं बारीक आवाज आला, "आऽ यू यू यू!"

रिया! हातात ताटली, ताटलीत दुपारचा भात. आजी चुलीशी असताना कधी निसटली देव जाणे. अगदी आजीसारखीच, करंजाखाली उभी राहून, मान वर करून हाक मारत होती. एकही कुत्रं आलं नाय. येणार कुठनं? पण ती हाक काय फक्त कुत्र्यांनीच ओळखून ठेवली होती? हाक झाली की करंजाखाली मांस गोळा होतं, हे त्यालाही ठाऊक होतं. बुंध्यामागं शेपटीचं टोक हललं, ते मी बघितलं. माझी दातखीळच बसली.

पडवीत खंड्या साखळीला हिसडे देत होता. विमलबाई दारात आली. तिनं रियाकडं बघितलं, मग करंजाकडं. ओरडली नाय. वाकली आणि खंड्याच्या गळ्यातली साखळी सोडली.

खंड्या रियाच्या बाजूनं सरळ करंजामागं घुसला. त्याचं केकाटणं एकदाच ऐकू आलं. तोवर विमलबाईनं पोरीला उचलून घरात आणलं होतं. ताटली तिथंच पडली.

रिया दाराला धडका देत होती, "खंड्या! आजी, खंड्याला बोलव ना!" विमलबाईनं तिच्या तोंडावर हात ठेवला. "हाक मारू नको, बाय." मग माझ्याकडं बघून म्हणाली, "सुगंधे, हेही मीच वाढलं गं."

पिंजरा लावलाय. अजून रिकामा हाय.

परवा आमी दोघी भाकऱ्या थापत होतो. ओढ्यापलीकडं नवा बंगला झालाय, तिथली बाई पातेलं घेऊन बाहेर आली न् तिनं गोड आवाजात हाक दिली, "यू यू यू!" विमलबाईच्या हातातला पिठाचा गोळा खाली पडला. तव्यावरची भाकरी जळत होती, तिकडं तिनं बघितलंसुद्धा नाय. इथनं ओरडली असती तरी त्या बाईला ऐकू गेलं असतं. पण तोंड घट्ट मिटून, अनवाणी, म्हातारी ओढ्याकडं धावत सुटली.