फकीरभाईंची ‘चाचणी सात’

फकीरभाईंचं बांगड्यांचं दुकान इंदापूरच्या बाजारपेठेत. तीस वर्षं त्यांनी बायकांच्या हातात बांगड्या भरल्या, पण कुणाचं मनगट दुखवलं नाही, असं त्यांची बायको चाँदबी सांगते. गेल्या वर्षी त्यांच्या उजव्या अंगावरून वारं गेलं. पाय सावरला, हात मात्र थरथरत राहिला. डॉक्टरांनी दाबायला रबरी चेंडू दिला होता. फकीरभाई तो दोनदा दाबायचे आणि उशाखाली सारून द्यायचे.

त्यांची मुलगी शबीना पुण्यातल्या एका कंपनीचं काम घरूनच करायची. कंपनीच्या ॲपवर शेकडो खेळ होते. ते नीट चालतात का हे तपासणं तिचं काम. बोटांना व्यायाम होईल म्हणून तिनं अब्बांना त्यातला एक फुगे फोडायचा खेळ लावून दिला. बोट फुग्यापर्यंत पोचायच्या आत वेळ संपली आणि ‘तुम्ही हरलात’ असं झळकलं. अब्बांनी फोन पालथा घातला.

तेव्हा तिला ‘चाचणी सात’ आठवली. हा खेळ ॲपच्या यादीत दिसायचा नाही. स्क्रीनला स्पर्श बरोबर कळतो का, एवढंच बघायला प्रोग्रामर लोकांनी तो केला होता, आणि कंपनीच्या खात्यातूनच तो उघडायचा. एक निळा गोळा ओढून खळग्यात न्यायचा, की दुसरा गोळा यायचा. ना घड्याळ, ना गुण; कोपऱ्यात फक्त स्पर्श किती झाले त्याचा आकडा.

“ह्यात हरायचं कवा?” अब्बांनी विचारलं.

“ह्यात हरणंच न्हाय, अब्बा. लोकांसाठी न्हाय ह्यो. तपासायपुरता केलाय.”

“मग मी तपासतो की!”

शबीनानं आपलं चाचणीचं खातं त्यांच्या फोनवर चालू करून दिलं. सकाळचा चहा झाला की अब्बा खिडकीपाशी बसायचे ते दुपारपर्यंत. अधूनमधून हाक यायची, “शबीना, तुझा खेळ चुकतोय बघ. मी एकदाच धरलं, त्यानं दोनदा मोजलं.”

“बघते,” ती म्हणायची. पण हातच थरथरतोय, हे ती जाणून होती. तिनं बघितलं नाही.

दीड महिन्यानं तिच्या साहेबांचा, दीपकसरांचा फोन आला. “शबीना, तुझ्या खात्यावरून चाचणी सात सहा हजार वेळा खेळली गेलीय. कोण खेळतंय?”

“माझे वडील, सर. चूक झाली माझी.” तिनं सगळं सांगितलं.

सरांनी विचारलं, “त्यांना खेळताना काही अडलं का?”

तिनं दोनदा मोजल्याचं सांगितलं. सरांनी नोंदी तपासल्या. थरथरणारं बोट क्षणभर उचललं जायचं आणि ॲप तो नवा स्पर्श धरायचं. ही चूक सगळ्याच खेळांत होती. तपासणारे सगळे तरुण, स्थिर हाताचे. त्यांना ती कधी सापडलीच नव्हती.

नियमाप्रमाणे अब्बांच्या फोनवरचं ते खातं त्याच दिवशी बंद झालं. शबीना अब्बांपाशी जाऊन बसली. “तुमी सांगत व्हता, मी ऐकलं न्हाय.”

“हात हलतोय तर माझाच की, पोरी. कुणालाबी तसंच वाटलं असतं.”

तीन दिवसांनी सरांनी थेट त्यांनाच फोन केला. “फकीरभाई, तुमच्या नावानं खातं उघडलंय. नवा खेळ आला की आधी तुम्ही बघायचा, आणि चुकलं की सांगायचं.”

“सांगणार की! गप बसतोय व्हय मी?”

हात पुरता सुधारला नाही. दुकानात बांगड्या आता चाँदबी भरते, फकीरभाई रंग निवडून देतात. पण सदऱ्याची बटणं ते स्वतः लावतात. वेळ लागतो. चाँदबी दाराशी चपला घालून उभी राहते, घाई करत नाही.