गजूच्या म्हशीने सोडलेला पान्हा

हिंगोलीतल्या एका लॅबमध्ये बारा वर्षं मी रक्त-लघवी तपासतेय. रिपोर्टवर येईल ते खरं, बाकी सगळ्या गप्पा — हा माझा खाक्या. दारावर लिंबू-मिरची बांधणाऱ्यांची मी यथेच्छ टर उडवते. त्यामुळे हे लिहिताना जरा लाजच वाटतेय... पण घडलं ते घडलं.

माझा धाकटा भाऊ गजू सेनगावजवळच्या आमच्या गावी आईबरोबर राहायचा. शेती करतो म्हणून मुलगी मिळेना. "म्हशीसंगंच लगीन लावून द्या माझं," म्हणायचा. म्हैसही तशीच हट्टी! त्याच्या हाताशिवाय पान्हाच सोडायची नाही. तो परगावी गेला की शेजारच्या कमलकाकू त्याचा सदरा अंगात घालून धार काढायला बसायच्या. कधी म्हैस फसायची, बहुतेक वेळा लाथ मारायची.

मागच्या हिवाळ्यात गजूची मोटरसायकल घसरली. डोक्याला मार लागला. नांदेडच्या एका दवाखान्यात त्याला व्हेंटिलेटरवर ठेवलं. दुसऱ्या दिवशी डॉक्टर म्हणाले, मेंदू काहीच प्रतिसाद देत नाहीये. चाचण्यांमध्ये मेंदू मृत ठरला, तर अवयवदानाचा विचार करा.

आई उसळलीच. "आंग गरम हाय, छाती हलून राहिली... अन् मेला काहून म्हणता?"

श्वास मशीन देतंय वगैरे मी समजावू लागले. "तुझं शिक्षण ठेव तुझ्यापाशी," ती म्हणाली. "जित्या लेकराला म्या कापू देणार न्हाई." तिचं चुकतंय असं मलाही म्हणवेना.

तिसऱ्या दिवशी सकाळी अकराला पहिली चाचणी सुरू झाली. आम्हाला बाहेर बसवलं होतं. सव्वाअकराला कमलकाकूंचा फोन आला, तो मी स्पीकरवर घेतला.

"सुमन, तुमची म्हैस आपसूक पान्हावली माय! तीन दिवस थेंब न्हाई दिला. आत्ता पाणी पाजायला गेले, तर धारा लागल्या. बसले, तर सदऱ्याबिगर बादली भरून दिली!"

आईने पदराने तोंड पुसलं. पाचेक मिनिटांनी डॉक्टर बाहेर आले, तर त्यांनी तोंड उघडायच्या आतच आई म्हणाली, "गेला माझा गजू. मला म्हाईत हाय. कोणाच्या कामी येत असंल तं घ्या."

डॉक्टर गडबडले. "मावशी, अजून नाही. सहा तासांनी दुसरी चाचणी. तोवर कायद्याने तो गेलेला नाही."

"तुमचा कायदा येईस्तोर म्या बसते त्याच्यापाशी."

दुपारी नर्सने त्याला कुशीवर वळवलं, आणि गजूचा हात कोपरातून वाकून छातीपर्यंत वर आला! मी किंचाळले — "तो जिवंत आहे! कुणी सही करायची नाही!" मी... रिपोर्टवाली! डॉक्टरांनी शांतपणे सांगितलं, ही मणक्यातल्या मज्जारज्जूची हालचाल, मेंदूचा संबंध नाही. मला काही केल्या पटेना. शेवटी आईनेच दंड धरून मला खाली बसवलं.

"सुमे, हात हाय तो. गजू न्हाई."

संध्याकाळी दुसरी चाचणी झाली आणि आईने सही केली. दाखल्यावर मृत्यूची वेळ त्या दुसऱ्या चाचणीची आहे. हृदय तर ऑपरेशनपर्यंत चालूच होतं. दोन मूत्रपिंडं आणि यकृत तीन माणसांना मिळालं.

पुढे मी गुरांच्या डॉक्टरांना विचारलं. कास तुंबली की दूध आपोआप गळतं, म्हणाले. बरं. पण बादलीभर? आणि नेमकं तेव्हाच? योगायोग, म्हणाले. असेलही. तेव्हापासून ती म्हैस कुणालाही दूध देते.

परवा नात्यातली एक बाई तोंडावर म्हणाली, "जित्या भावाला कापलं तुम्ही." मी चाचण्या, कायदा, मज्जारज्जू सगळं धडाधड सांगितलं. ते खरंच आहे, मला मान्य आहे. पण तो हात डोळ्यांपुढे आला की त्यातलं काही कामी येत नाही, नुसती भीती वाटते. मग मी आईला फोन लावते.

"आई, तो खरंच गेला होता ना गं?"

"व्हय माय. सव्वाअकरालाच."

तिला ते कसं कळलं, म्हशीला कसं कळलं — मला आजही सांगता येत नाही. तरी दर वेळी मी तिलाच विचारते.