बाटलीमागची अक्षरं

"तेल कुठलं घालू?" असं व्हर्लिन लेडफर्डला कुणी विचारलं, की माझं दुपारचं जेवण थंड झालंच म्हणून समजा. माझ्या पार्ट्सच्या दुकानात काउंटरला कोपर टेकून तो जो सुरू व्हायचा, तो थांबायचं नाव नाही. समोरचं गिऱ्हाईक बिचारं कसलं तरी महागडं, पाण्यासारखं पातळ तेल हातात धरून उभं.

"ते तुझ्या बायकोच्या गाडीत घाल," व्हर्लिन म्हणायचा. "तिला चर्चला जायचंय. तुझ्या इंजिनाला मिनिटाला सात हजार फेरे मारायचेत. ठेव ते खाली. नेल्डा, ह्याला आपलं दे गं."

आपलं म्हणजे पिवळ्या बाटलीतलं जाड तेल, वीस-पन्नास ग्रेडचं. एकतीस वर्षं त्याने शर्यतीच्या इंजिनात दुसरं तेल घातलं नाही, आणि एकतीस वर्षं ते मीच त्याला विकलं. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे माझी जीभ अडखळणार आहे.

व्हर्लिनचा बाप इथल्या फर्निचरच्या कारखान्यात खुर्च्यांचे पाय घासायचा. व्हर्लिननेही दोन वर्षं घासले, मग एके दिवशी पॉलिश पेपर टाकून घरी आला आणि मागच्या शेडमध्ये इंजिनं बांधायला लागला. गावाबाहेरच्या मातीच्या ट्रॅकवर दर शनिवारी शर्यती होतात. तिथे जिंकणाऱ्या गाड्यांपैकी निम्म्यांच्या पोटात त्याचं इंजिन असायचं. लग्न केलं नाही. मी एकदा छेडलं, तर म्हणाला, "इंजिन बोलतं तेवढं पुरे आहे. वर तू आहेसच."

त्याला मित्र असा एकच, एस्टेल बकनर. एस्टेल कॅम घासायचा. कॅम म्हणजे इंजिनातला तो उंचवट्यांचा दांडा, जो झडपा उघडतो-मिटतो. एस्टेलचा कॅम मेणकागदात गुंडाळून यायचा, वर वर्तमानपत्र, वर सुतळी. नवा कॅम बसवला की इंजिन पहिली वीस मिनिटं सलग जोरात चालवावं लागतं. कॅम बसायचा किंवा बिघडायचा तो तेवढ्यातच. त्या वीस मिनिटांत व्हर्लिनचा हात इंजिनावर आणि एस्टेलच्या हातात घड्याळ. कुणी चकार शब्द काढायचा नाही. मी एकदा डबा घेऊन गेले आणि "अरे, जेवलात का?" म्हटलं, तर दोघांनी असं पाहिलं, जणू मी प्रार्थनेच्या मधे शिंकले.

दर गुरुवारी दोघं हॉटेलात शेजारीशेजारी बसून बिस्किट, म्हणजे आमच्याकडचे मऊ पाव, आणि वर गरम ग्रेव्ही खायचे. समोरासमोर नाही, शेजारीशेजारी. बोलायचे फार कमी.

मग दोन हजार सहाच्या उन्हाळ्यात इंजिनं मरायला लागली.

व्हर्लिनची रीत अशी की प्रत्येक शर्यतीनंतर तेलाचा फिल्टर कापायचा, आतला घडीचा कागद उलगडायचा आणि चिमट्याने दोरीवर लावून उन्हात बघायचा. इंजिनात काही झिजत असेल तर त्या कागदावर चकाकतं. त्या उन्हाळ्यात कागद चकाकायला लागले. लोहचुंबक फिरवलं की चकाकी चिकटून वर यायची, म्हणजे लोखंड. इंजिन उघडलं की कॅमचे उंचवटे घासून सपाट. एक, दोन, जूनअखेर पाच.

पाचवं इंजिन मेलं त्या शनिवारी दुपारी मी ट्रॅकवर लिंबू सरबताच्या गाडीपाशी उभी होते. व्हर्लिनने तो कागद सगळ्यांसमोर कुंपणाला टांगला. त्याला झोप नव्हती, तोंड काळवंडलेलं. भीती कसली होती ते आज मला कळतं. आपले हात गेले, आपल्याला आता जमत नाही, ही ती भीती. ती कुणावर तरी टाकायलाच हवी होती.

"हे बघा एस्टेलचं लोखंड!" तो ओरडला. "लोणी आहे, लोणी! पावाला लावा!"

एस्टेल तिथेच होता. पाय ओढत पुढे आला, कागद बोटाने चाचपला आणि शांतपणे म्हणाला, "लोखंड तेच आहे, व्हर्लिन. मी मोजून बघितलंय. तू तेल कुठलं घालतोयस?"

"काय?"

"तेल. विचारलं फक्त."

"अरे, तीस वर्षं तुझ्या नाकासमोर जे ओततोय तेच! आता तेलावर ढकल! उद्या म्हणशील, पेट्रोल खारट होतं."

लोक हसले. एस्टेल हसला नाही. त्याने टोपी सारखी केली आणि तो गाडीकडे चालत गेला.

एस्टेलचा प्रश्न माझ्या मात्र डोक्यात राहिला. कारण आदल्या वर्षी तेलाच्या कंपनीकडून एक कागद आला होता. नव्या गाड्यांच्या धुराचे नियम बदललेत, म्हणून तेलातलं जस्त कमी केलंय. जुन्या पद्धतीच्या इंजिनांना दुसरं तेल वापरावं. बाटली तीच, पिवळा रंग तोच, नाव तेच. फक्त मागच्या गोल शिक्क्यातली अक्षरं बदलली होती. ते जस्तच कॅम आणि त्याला घासणाऱ्या टॅपेटच्या मधे उभं राहतं, हे मला तेव्हा नीट माहीत नव्हतं. पण कागद मी वाचला होता. वाचून काउंटरच्या खणात टाकला होता.

का नाही सांगितलं? आता म्हणाल, बाई वेंधळी असेल. वेंधळी नव्हते मी. कागद आला त्याच आठवड्यात मी व्हर्लिनला म्हटलं होतं, "तुझ्या तेलाबद्दल काहीतरी आलंय." दुकान भरलेलं होतं. तो सगळ्यांसमोर म्हणाला, "नेल्डा, तू पावत्या फाड. तेल मला शिकवू नकोस." सगळे खी खी हसले. मला झोंबलं. म्हटलं, मर मेल्या, नाही शिकवत. ट्रॅकवर त्या दुपारीही तेच मनात आलं. गप्प बसले. हातातलं सरबत संपवलं आणि घरी गेले.

तीन आठवड्यांत एस्टेलची गिऱ्हाइकं तुटली. व्हर्लिन लेडफर्ड म्हणतो लोखंड लोणी आहे म्हटल्यावर कोण घेणार? नोव्हेंबरात थँक्सगिव्हिंगच्या सणाला तरी आमच्याकडे लोक समेट करतात. व्हर्लिन एस्टेलकडे गेला नाही. एस्टेलने घासायची यंत्रं विकली आणि पासष्टीच्या वयात गोदामात खोकी उचलायला लागला. फेब्रुवारीत तिथेच छातीत कळ येऊन कोसळला. मातीला सगळं गाव होतं. व्हर्लिन रस्त्यापलीकडे आपल्या ट्रकमध्ये बसून राहिला, शेवटची गाडी जाईपर्यंत.

मार्चमध्ये एस्टेलची बायको वेल्मा माझ्या दुकानात आली. काउंटरवर सुतळीने बांधलेलं लांब पुडकं ठेवलं.

"त्याच्या बाकाखाली सापडलं. वर व्हर्लिनचं नाव आहे," ती म्हणाली. "मी त्याच्या दारात पाऊल ठेवणार नाही. तू दे."

रविवारी चर्च सुटल्यावर मी ते घेऊन गेले. मेणकागदात कॅम होता, आणि लोखंडाचा कठीणपणा मोजल्याचा कागद. खाली एस्टेलच्या अक्षरात एकच ओळ: 'व्हर्लिन, हा बघ. मग काय ते ठरव.'

व्हर्लिनने कॅम उचलून उजेडात धरला. मग त्याने त्याच आठवड्यात तो कॅम स्वतःच्या जुन्या गाडीत बसवला. पुढच्या रविवारी मला बोलावलं. माझं दुकान बंद, म्हणून शेडच्या मागून त्याने दोन धुळकट खोकी ओढून काढली. कंपनीचा तो कागद यायच्या आधी, पुराने रस्ता वाहून गेला होता त्या वर्षी घाबरून जास्तीच्या घेतलेल्या पिवळ्या बाटल्या. त्यातलंच तेल त्याने ओतलं. मग एक घड्याळ माझ्या हातात दिलं.

"वीस मिनिटं," म्हणाला. "बोलू नकोस."

मी बोलले नाही.

महिनाभर ती गाडी त्याने जोरात पळवली. फिल्टर कापला, कागद दोरीला लावला. स्वच्छ. एक कण नाही. मग नव्या बाटलीचं तेल घातलं, दोन शनिवार पळवली, फिल्टर कापला. कागद चकाकला.

सोमवारी सकाळी मी दुकान उघडत होते, तेव्हाच तो आला. एक जुनी आणि एक नवी अशा दोन बाटल्या मागची बाजू माझ्याकडे करून काउंटरवर ठेवल्या.

"माझा चष्मा घरी राहिला," तो म्हणाला. चष्मा खिशातच होता, मला दिसत होता. "ह्या शिक्क्यात काय लिहिलंय, वाच."

मी वाचलं. दोन्हींवर वेगळं होतं. मग मी खण उघडला आणि तो कागद त्याच्यासमोर ठेवला.

त्याने खिशातून चष्मा काढून डोळ्यांवर लावला. दोनदा वाचला.

"कधी आला?"

"दोन वर्षं झाली."

"तू वाचलास?"

"वाचला."

मला वाटलं ओरडेल. शिव्या देईल, बाटल्या फेकेल. मी वाट बघत होते, खरं सांगते, मला ते हवं होतं. त्याने कागदाची घडी केली, शर्टाच्या खिशात घातली आणि म्हणाला, "तू सांगायला आली होतीस. आठवतंय मला."

आणि निघून गेला.

त्या शनिवारी शर्यतीआधी चालकांची सभा भरली. पाद्रीबुवांची प्रार्थना झाल्यावर व्हर्लिनने माइक मागून घेतला. "एस्टेल बकनरचं लोखंड चांगलं होतं," तो म्हणाला. "खराब होतं ते तेल. ते मी निवडलं होतं. त्याने मला विचारलं होतं, तेल कुठलं घालतोस. मी त्याला हसलो. तुम्हीही हसलात, पण माझ्यामुळे." माझं नाव येणार म्हणून मी दोन्ही हातांनी बाक घट्ट धरला होता. आलं नाही.

मग मागून एकाने विचारलं, "मग आता कुठलं घालायचं, व्हर्लिन?"

आणि सगळ्यांनी मोबाइल, पेनं काढली. व्हर्लिनने माइक दुसऱ्या हातात घेतला. मग त्याने तेलाचं नाव सांगितलं, दर्जा सांगितला, जस्त किती हवं तेही सांगितलं. त्यांनी लिहून घेतलं. एस्टेलबद्दल कुणी एक शब्द विचारला नाही.

त्यानंतर व्हर्लिनने इंजिन बांधलं नाही. शेडला कुलूप आहे. गुरुवारी हॉटेलात दिसतो, शेजारची खुर्ची रिकामी ठेवून बसतो.

ऑक्टोबरमध्ये वेल्मा वायपर घ्यायला आली.

"व्हर्लिन आला होता," ती म्हणाली. "आत ये म्हटलं, आला नाही. दारात टोपी हातात घेऊन उभा. रडत होता गं म्हातारा. म्हणाला, तेल बदललंय हे त्याला कुणीच सांगितलं नव्हतं, कंपनीकडून एक ओळसुद्धा लिहून आली नव्हती. देवाशपथ म्हणाला. मी म्हटलं, जाऊ दे." तिने डोळे पुसले. "खरंच, कुणाला कळणार होतं गं, नेल्डा?"

"कुणालाच नाही," मी म्हटलं, आणि तिच्या गाडीला कुठल्या लांबीचे वायपर बसतात ते पुस्तकात शोधायला लागले.