झ्लाता वाचून दाखवते

नेमन नदीकाठच्या आमच्या गावात ज्यू प्रार्थनाघरात पुरुष खाली आणि बायका वरच्या माळ्यावर जाळीमागं बसतात. बहुतेकींना अक्षरओळख नाही. म्हणून झ्लाता पुस्तक धरून वाचते आणि ती म्हणेल ते आम्ही तिच्याच रडव्या सुरात मागून म्हणतो. एकदा तिनं त्याच सुरात "राइझे, तुझं कोपर सरकव" म्हटलं, तर सगळ्याजणी डोळे पुसत "राइझे, तुझं कोपर सरकव" म्हणाल्या. देवानं त्याचं काय केलं कोण जाणे.

नवरा वारला, मुलगा झारच्या पलटणीत गेला, तेव्हापासून झ्लाता सुनेच्या घरातली अडगळ. मान होता तो फक्त माळ्यावरच्या पहिल्या बाकावर. त्यात तिच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला. मी शेजारी बसते आणि मला थोडीफार अक्षरं लागतात म्हणून कळलं. तोंडी नव्या चंद्राची प्रार्थना आणि उघडलेलं पान बाळंतिणीचं! आठवेल ते म्हणायची, नाही आठवलं की मनचं घालायची. खरं सांगू, मनचंच जास्त गोड लागायचं. मी आपली तोंड शिवून बसले.

प्रायश्चित्ताच्या उपासाआधी आम्ही कबरी सुतानं मोजतो आणि त्याच सुताच्या वाती करून प्रार्थनाघरासाठी मेणबत्त्या ओततो. प्रत्येक वात ठेवताना आद्य मातांपैकी एकीचं नाव घ्यायचं. यंदा झ्लातानं आई साराची वात उचलली आणि पुस्तकात बघत म्हणाली, "देवा, मेलेल्यांना दिवा लागत नाही. दिवा लागतो तो विसरणाऱ्यांना."

आम्ही रडत रडत तेच म्हटलं. वळून बघतो तर दारात आमचे नवे धर्मगुरू, रब्बी.

"झ्लाताबाई, हे मी कुठंच वाचलेलं नाही. कुठल्या पानावर आहे?"

"असेल पुढं कुठंतरी, रब्बी."

"दाखवता?"

"वाती अर्ध्यावर टाकून? आई सारा काय म्हणेल?"

रब्बींनी पुस्तकाकडे पाहिलं, मग तिच्या डोळ्यांकडे, आणि निघून गेले.

"संपलं गं माझं," झ्लाता मला म्हणाली. "आंधळीला कोण वाचायला बसवतंय? आता सुनेच्या चुलीपाशी कांदे सोलायचे."

"काही होत नाही," मी म्हटलं खरं, पण धसका मलाही बसला होता.

उपासाच्या संध्याकाळी रब्बी प्रवचनाला उभे राहिले. झ्लातानं माझा हात असा आवळला की अंगठी रुतली.

"आपल्या ज्ञानी मंडळींचं एक वचन आहे," रब्बी म्हणाले. "मेलेल्यांना दिवा लागत नाही. दिवा लागतो तो विसरणाऱ्यांना."

खाली पुरुषांच्या माना डोलल्या. एक म्हातारा तर "हो हो, फार जुनं वचन," असंही म्हणाला. मला हसू आवरेना.

"पान कुणी विचारू नका," रब्बी म्हणाले. मग जाळीकडे मान वर करून, "वर झ्लाताबाई वाचतील. नेहमीसारख्या."

झ्लाताची पकड सुटली. "वाचले गं बाई," ती पुटपुटली, पण सवयीनं सुरातच.

आणि सगळा माळा हुंदके देत मागून म्हणाला, "वाचले गं बाई."