डोरीनला ऐकू न आलेल्या झांजा

डोरीन पॅझेकचं तोंड फटकळ, पण रविवारी दुपारी न्यू ब्रन्सविक गावातले निम्मे बँडवाले तेच तोंड ऐकायला रेडिओला कान लावून बसायचे. आठवडाभर ती शाळेची बस चालवायची आणि रविवारी गावच्या चिमुकल्या रेडिओवर तासभर नव्या रेकॉर्डी लावायची. पॉप पंक, इमो आणि त्यांची सगळी भावंडं. म्हणजे प्रेमभंगाचं, घरातल्या भांडणांचं आणि कंटाळवाण्या गावाचं दुःख, जितक्या जोरात वाजवता येईल तितक्या जोरात. तिच्या तरुणपणी नवऱ्यानं सोडलं, आई गेली, तेव्हा असल्याच गाण्यांनी तिला तगवलं होतं. ते उपकार ती विसरली नव्हती. म्हणूनच कुणी वरवरचं रडगाणं आणून टाकलं की तिचं डोकं फिरायचं.

"हा पोरगा गातोय की दाढ काढून घेतोय?" असं ती खुशाल माईकवर म्हणायची. बँडवाले रुसायचे नाहीत. उलट ते वाक्य टी-शर्टावर छापून विकायचे. तिथली रीतच तशी. एखाद्या बँडला डोरीननं एकदाही धुतलं नाही, तर त्याला कुणी हिंग लावून विचारत नसे.

वसंतात 'लॉन्ड्री डे' नावाच्या बँडची पहिली रेकॉर्ड आली. डोरीन म्हणाली, "गाणी बरी आहेत. पण ड्रमवाली झांजा घरी विसरून आली की काय? एक म्हणून ऐकू येत नाही. आजकाल सगळ्यांनीच झांजांवर बहिष्कार टाकलेला दिसतोय."

झालं. शनिवारी संध्याकाळी त्यांचा कार्यक्रम एका घराच्या तळघरात होता. पत्रकावर नेहमीसारखं 'पत्ता ओळखीच्या पंकला विचारा' एवढंच; पंक म्हणजे ही गाणी ऐकणारं कुणीही. डोरीन जिना उतरली तर समोर पन्नासेक पोरं, आणि निम्म्यांच्या छातीवर मोठ्या अक्षरांत 'झांजा घरी विसरलो'. डोरीन हसून हसून बेजार झाली. पोरांनी तिला पुढे ढकलत थेट ड्रमशेजारी नेऊन उभं केलं.

गाणं सुरू झालं. इव्हेट किन्योनेस, लॉन्ड्री डेची ड्रमवाली, डोरीनकडे बघून डोळा मारत उजव्या हाताच्या झांजेवर दणादण काठी हाणू लागली. झांज थरथरत होती. शेजारच्या पोरीनं कानांत बोटं घातली. डोरीनला गिटार ऐकू येत होती, मोठ्या ड्रमचा दणका पोटात बसत होता. झांजेतून मात्र कुणी लांबवर केर काढत असावं तेवढाच आवाज येत होता. तिनं कान चोळला, दुसरा चोळला, पुन्हा झांजेकडे पाहिलं. तिच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं.

कार्यक्रम संपल्यावर इव्हेट तिला शोधत मागच्या पायरीवर आली.

"काय गं डोरीन, आज तरी ऐकू आल्या का?"

"नाही."

"पुरे आता! टी-शर्ट संपलेसुद्धा."

"अगं, मी टोमणा मारला नव्हता. मला खरंच ऐकू येत नाहीत." डोरीननं नाक पुसलं. "तीस वर्षं स्पीकरला चिकटून उभी राहिले. कानांत बोळे घालणाऱ्यांना भित्रे म्हणायचे. आता भोगते. उद्याचा रेडिओवरचा कार्यक्रम शेवटचा. अर्ध्या कानानं मी कुणाच्या गाण्यावर काय बोलू?"

इव्हेट तिला खेटून पायरीवर बसली.

दुसऱ्या दिवशी कार्यक्रमाच्या आधी इव्हेट रेडिओच्या खोलीत हजर. हातात पोर्क रोल-अंडं-चीजचं सँडविच आणि फोन.

"आधी खा. मग हे ऐक. माझं नवं गाणं. बँडलासुद्धा अजून ऐकवलं नाहीये."

"अगं, पण मला..."

"झांजा कुठे आहेत ते मी सांगते. तू ऐक तर."

डोरीननं कुरकुरत गाणं लावलं. इव्हेट मध्येच म्हणाली, "आता झांज. हलकीच." डोरीननं मान डोलावली. गाणं संपल्यावर तिनं सँडविचच्या कागदाची घडी घातली.

"दुसरं कडवं काढून टाक," ती म्हणाली. "खोटं आहे. म्हणे, तो मला सोडून गेला! पोरगा कधी शाळेचा डबा भरून देतो का, की पुढच्या कडव्यात त्याचीच आठवण यावी? हे कुणा पोराचं गाणं नाहीच. आई गेल्याचं आहे ना?"

इव्हेटनं फोन उलटा ठेवला. तिचे डोळे भरून आले.

"कुणाला कळेल असं वाटलं नव्हतं," ती म्हणाली. "तू आज बंद केलंस, तर हे मला कोण सांगणार गं?"

डोरीननं तिचा हात घट्ट धरला. "थँक यू, पोरी," ती म्हणाली. मग तिनं शेजारची खुर्ची पायानं ओढून इव्हेटला बसवलं आणि माईक चालू केला.

"मंडळी, बारीक सूर मला ऐकू येईनासे झालेत. झांजांवरून ज्यांना ज्यांना बोलले, त्यांची मनापासून माफी. यापुढे ते सूर इव्हेट सांगेल. शिव्या मात्र माझ्याच."