बेंजोवाल्या नवनाथचा ॲम्प

पिन बसली, म्हणून मी स्विच दाबला. माझा गुन्हा एवढाच.

कोंडाजीशेठच्या गोदामात त्याच्याच बेंजो पार्टीची तालीम होती. नवनाथदादा चहाला बाहेर गेला होता आणि तो येईपर्यंत त्याचा हेडफोनचा ॲम्प गरम करून ठेवावा, असा उपकाराचा झटका मला आला. ॲम्पचा अडाप्टर सापडेना. शेजारी लायटिंगच्या पेटीत एक मिळाला. पिन अशी चपखल बसली की जणू दोघांचं आधीच ठरलेलं. आतली काचेची ट्यूब एकदम पांढरीशुभ्र पेटली. मला वाटलं, वा, आज फॉर्मात आहे! मग टिक् झालं आणि जळक्या रबराचा वास सुटला. ॲम्प बारा व्होल्टचा, अडाप्टर चोवीसचा. मी दोन वर्षं इलेक्ट्रिकलचा डिप्लोमा केला आहे, ही गोष्ट माझे वडील हल्ली पाहुण्यांना सांगत नाहीत.

दादा आत आला तो नाक वर करूनच.

"काय जाळलंस रं, साई?"

"तुझा ॲम्प."

तो ओरडला असता तर बरं झालं असतं. त्यानं ॲम्प उचलून हलवला, हेडफोन पिशवीत सरकवला आणि आधी दाराकडे बघितलं. कोंडाजीशेठ फोनवर होता, त्याचं लक्ष नव्हतं. दादाचं ते दाराकडे बघणं मला चपराकीसारखं लागलं. कारण तो कशाला घाबरला, हे पार्टीत फक्त मला ठाऊक होतं.

नवनाथ ठोंबरे माझा चुलतभाऊ. आम्ही पळसदरीचे. दिवसा तो साजगावला एका कारखान्यात पत्र्याच्या प्रेसवर असतो, आणि लग्नसराईत संध्याकाळी कोंडाजीशेठच्या टेंपोत बेंजोवर. बेंजो म्हणजे लाकडी पेटी, तिच्यावर तारा आणि टाइपरायटरसारखी बटणं. डाव्या हातानं बटणं दाबायची, उजव्यानं तारा छेडायच्या. तारांखाली पिकअप, त्याची वायर थेट भोंग्यांना. मिसरूड फुटायच्या आधीपासून दादा हे वाजवतो. खालापुरापासून नेरळपर्यंत ज्यांच्या हळदीत त्यानं वाजवलं, त्यांची पोरं आता त्याच्या बेंजोवर नाचतात.

पण प्रेसनं त्याचा डावा कान खाल्ला. हळूहळू खाल्ला, त्यामुळे कुणाला कळलं नाही. घरात वनितावहिनी कायम त्याच्या उजव्या अंगाला चालते. गावाला वाटतं केवढं प्रेम! टेंपोत मागे भोंगे, पुढे ढोल, बाजूला पॅड. त्या गदारोळात दोन कानांच्या माणसालाही स्वतःच्या तारा ऐकू येत नाहीत, एका कानाचा तर मेलाच. म्हणून हेडफोन: पिकअपची एक वेगळी वायर ॲम्पमध्ये, ॲम्पमधून उजव्या कानात. पार्टीतल्या पोरांना वाटायचं, दादा स्टाइल मारतो. पॅड वाजवणारा नागू तर त्याला 'डीजे' म्हणायचा.

आधी त्यानं साधा ट्रान्झिस्टरवाला ॲम्प लावून बघितला होता. प्रत्येक छेड सुईसारखी कानात जायची, मिरवणूक संपेपर्यंत डोकं फुटायचं. ट्यूबवाल्यात तीच छेड जरा गोल होऊन येते. आमच्या आजोबांच्या रेडिओत जे व्हॉल्व असायचे, त्यांचीच ही धाकटी भावंडं. नुसत्या ट्यूबवरचा ॲम्प आपल्या खिशाबाहेर. म्हणून हायब्रिड: पुढे एखाददुसरी ट्यूब, मागे ढकलायला ट्रान्झिस्टर.

"हायब्रिड?" वहिनी म्हणाली. "म्हंजे आपल्या भाताच्या बियान्यासारखं? दर वर्साला नवीन घ्यायचं?"

"तुजे भाऊजी आसले तर दर म्हैन्याला," दादा म्हणाला. मी ताटात बघून जेवलो.

गंमत तिथेच संपली. चौक गावच्या वरातीत दादा अर्धा ठेका मागे पडला होता आणि कोंडाजीशेठनं त्याला सगळ्यांदेखत सांगितलं होतं, "नवनाथ, पळसदरीच्या हळदीला परत आसं झालं तर बेंजोवर नागू बसंल." पळसदरीची हळद येत्या शुक्रवारी होती. आपलं गाव, आपली माणसं, आणि पॅडमागे बोटं मोडत बसलेला नागू. नवा ॲम्प मागवला तर तो कुरियरनं हळदीनंतर येणार होता.

जुन्या मालाच्या ॲपवर मला खोपोलीची एक बाई सापडली. हर्षला नाव, कुठल्याशा कंपनीचं काम घरून करते, आणि असले ॲम्प घेणं-विकणं हा तिचा नाद. आम्ही गेलो तेव्हा तिनं टेबलावर दोन मांडून ठेवले होते. दोन्ही हायब्रिड, दोन्ही आमच्या ऐपतीतले.

एक मोठा, दोन ट्यूबांचा, बुडाशी नारिंगी उजेड. मी बघताच फिदा झालो. "दादा, हाच. बघ कसा तापलाय!"

"तो उजेड ट्यूबचा नाही," हर्षला म्हणाली. "खाली एलईडी आहे. शोभेला."

दुसरा साबणाच्या वडीएवढा. एकच ट्यूब, तीही करंगळीएवढी, तिच्यात काही पेटलंय का हे वाकून बघावं लागत होतं.

दादानं पिशवीतून बेंजो काढला. हर्षला खुर्ची सोडून उभीच राहिली. तिच्याकडे गिटारवाले येत असतील, बेंजोवाला पहिलाच. त्यानं मोठा ॲम्प लावला, डोळे मिटले आणि हळदीची एक धून हळू आवाजात घेतली. त्याचा चेहरा सैल पडला. मग त्यानं हेडफोन उलटा केला, उजवीकडचा डाव्या कानावर, आणि थांबला.

"काय झालं?" मी विचारलं.

"ह्याच्यात डाव्या कानात बी थोडं येतंय रं."

मी पिशवीतून पैसे काढायला लागलो. दादानं माझा हात धरला. "ताई, हा किती व्होल्टचा?"

"चोवीस. आणि तो छोटा बाराचा. बारा ते पंधरा चालेल, त्याच्यावर नाही."

"जनरेटरवर?"

"अडाप्टर चांगला असेल तर चालेल. भणभण येईल थोडी."

दादा माझ्याकडे बघत होता. जनरेटर, चार वायरी, अंधारात सापडेल तो अडाप्टर आणि मी, हे सगळं त्याच्या डोळ्यांपुढे उभं राहिलं असणार. "मला अडाप्टरच नको," तो म्हणाला. "टेंपोची बॅटरी बाराची हाय. सरळ बॅटरीवर."

"दोन बॅटऱ्या जोडू ना," मी म्हणालो. "चोवीस होतात."

"आनी कोंडाजीनं इचारलं दुसरी कशाला, तर काय सांगू?"

त्यानं पुन्हा मोठ्यावर एकदा वाजवलं, डाव्या कानानं. बराच वेळ. हर्षला खिडकीबाहेर बघत राहिली, मी एलईडीकडे. मग त्यानं स्वतःच पिन काढली आणि छोटा पुढे ओढला. तोही त्यानं एकदा डाव्या कानाला लावला आणि लगेच उजवीकडे फिरवला: डावीकडे काहीच येत नव्हतं.

निघताना हर्षलानं पेन्सिलीनं त्या करंगळीएवढ्या काचेला टिचकी मारली. हेडफोनमध्ये देवळातली घंटा वाजावी तसं टण्ण झालं. "ही ट्यूब हादरे ऐकते हं. टेबलावर स्वस्थ ठेवा."

"आम्ही कशाला टिचक्या मारतोय!" मी म्हणालो. माझं हे एक वाक्य दादा अजून मला चहाबरोबर ऐकवतो.

घरी माझ्या गाडीच्या बॅटरीवर ॲम्प झकास चालला. शुक्रवारी टेंपोच्या बॅटरीला वायर जोडताना दादानं मीटर लावून आकडा दाखवल्याशिवाय मला हात लावू दिला नाही. आकडा बरोबर होता. प्लस प्लसला, मायनस मायनसला. ट्यूब आत कुठेतरी लालसर झाली.

नवरदेवाला हळद लागली आणि त्याला वाजतगाजत गावदेवीकडे न्यायला टेंपो निघाला. ऊन अजून डोंगरावर होतं. दादानं पहिली धून उचलली, पोरांनी शिट्ट्या मारल्या, मागून ढोल पडला.

आणि दादाचा हात थबकला.

मी टेंपोच्या मागेच चालत होतो. त्यानं हेडफोन दाबला, पुन्हा सुरुवात केली, पुन्हा अडखळला. त्याच्या कपाळावर घाम आला होता. मी फळीवर चढून हेडफोनची एक वाटी उचलून कान लावला. ढोलाचा प्रत्येक ठोका टेंपोच्या पत्र्यातून ॲम्पमध्ये शिरत होता आणि ट्यूब टण्ण, टण्ण वाजत होती. भोंगे तर नुसते घोंगावत होते. तारांचा पत्ताच नव्हता.

पुढे फूटबोर्डवर उभ्या कोंडाजीशेठनं मान वळवली. नागूनं पॅडवरचे हात उचलून बोटं मोडली.

मी ॲम्प पत्र्यावरून उचलला. दादानं चटकन माझ्याकडे बघितलं: टणटण कमी झाली होती. पण रस्त्यात खड्डे होते, आणि तो डबा असा तापलेला की या हातातून त्या हातात करावा लागत होता. दर वेळी हात बदलला की दादाचा चेहरा दाढ दुखल्यासारखा व्हायचा. धून पुन्हा मागे पडायला लागली. नाचणाऱ्यांतला एक ओरडला, "नवनाथदादा, झोप लागली काय?" लोक हसले. आपल्याच गावचे.

रस्त्याच्या कडेनं एक बाई चालली होती. ठाकूरवाडीची जिजा. लग्नघरच्या चुलीला मोळी टाकून रिकामी निघालेली, डोक्यावर कापडाची गुंडाळलेली चुंबळ तशीच.

"मावशे, चुंबळ दे!"

"कोनाला?"

"ह्याला!"

तिनं माझ्या हातातल्या डब्याकडे बघितलं. "निखारा हाय का काय?" म्हणाली, पण चुंबळ काढून दिली. "परत दे रं बाबा, मला उद्या मोळी हाय."

"आत्ता देतो!"

चुंबळ तळहातावर, चुंबळीवर ॲम्प. डबा त्या खळग्यात असा बसला की खड्डा आला तरी तो आपल्या जागी. कोपर अंगापासून सुटे ठेवले की माझे हातच स्प्रिंगसारखे वरखाली होत. मी फळीवरून खाली उतरलो. वायर आखूड होती, म्हणून टेंपोच्या फळीपासून हातभर अंतरावर, ना पुढे ना मागे, आरतीचं ताट घेतल्यासारखा मी चालत राहिलो.

दादानं डोळे मिटले. बोटं बटणांवर एकदा नुसतीच फिरली, आणि मग तार बोलली. ठेक्याच्या बरोब्बर मध्यावर. पुढच्या वळणाला त्यानं धून चढी केली, ढोलवाल्याला त्याच्यामागे धावावं लागलं. मघाशी ओरडलेला आता हात वर करून नाचत होता. बायकांनी येऊन माझ्या दोन्ही गालांना हळद फासली, हात रिकामे नव्हते म्हणून मला तोंडही चुकवता आलं नाही. डोळ्यात गेली ती तशीच राहिली.

"हे काय हाय?"

कोंडाजीशेठ शेजारी चालत होता. कधी उतरला कळलंच नाही.

"ॲम्प."

"कशाला?"

मी दादाकडे बघितलं. तो डोळे मिटून वाजवत होता. "शेठ, स्टाइल," मी म्हणालो.

त्यानं माझ्या हातातून निघालेली वायर नजरेनं धरली, हेडफोनपर्यंत नेली, आणि फूटबोर्डकडे गेला. गावदेवीपर्यंत मला एकच दिसत होतं: त्याची पाठ.

देवळापाशी वाजप थांबलं. दादानं हेडफोन उतरवून गळ्यात घातला. कोंडाजीशेठ मागून आला, त्याच्या डाव्या खांद्याशी उभा राहिला आणि साध्या आवाजात म्हणाला, "नवनाथ, तुजं पाकीट पडलंय."

दादा तारा पुसत राहिला.

नागूनं वाकून खाली बघितलं. पाकीट नव्हतंच. मग नागूही सरळ झाला. दादानं माझा चेहरा बघितला, मग मागे वळून शेठचा. त्याच्या हातातलं फडकं खाली आलं.

"कदीपास्नं?" शेठनं विचारलं.

"प्रेसवर हाय तवापास्नं."

"आनी मला सांगितलं नाय."

"सांगितलं आसतं तर बसवलं आसतंस?"

कोंडाजीशेठनं मान देवळाकडे वळवली. तिथं आरती चालू होती. 'बसवलं असतं' असं खोटं बोलायचं त्याला सुचलं नाही, हे मला त्या दिवशी तरी आवडलं. शेवटी तो म्हणाला, "आज बराबर वाजवलंस. उद्याच्या वरातीला तूच बस. पुडचं पुडं बगू." मग नागूकडे वळून, "ह्याची ती चढी धून शिकून घे. मे म्हैन्यात लागंल." आणि शेवटी माझ्याकडे, "आनी तू, स्टाइल? उद्या हात मोकळं हायेत ना?"

दादानं पुन्हा तारा पुसायला घेतल्या. 'मे महिन्यात लागेल' हे त्यानं ऐकलं होतं. शेठ तेव्हा उजवीकडे होता. रात्री त्यानं नागूला घरी जेवायला बोलावलं. मला कळेना हे शहाणपण की दुखणं. वहिनीनं नागूला दोनदा भात वाढला आणि मला एकदाच.

जिजा मात्र कधीच निघून गेली होती. चुंबळ हळदीनं माखलेली, आणि मधोमध ॲम्पच्या बुडाचा चौकोनी डाग. धुतली तर विसविशीत होऊन सुटली. म्हणून मी कर्जतच्या बाजारातून नवा कोरा टॉवेल घेतला, गुंडाळून दोऱ्यानं शिवला आणि ठाकूरवाडीला घेऊन गेलो.

जिजानं तो डोक्यावर ठेवून मान जरा हलवली. टॉवेल घरंगळून अंगणात पडला. तिची सून खो खो हसली.

"टावेलाची चुंबळ व्हत नाय रं," जिजा म्हणाली. "धरत नाय ती. जुनं लुगडं पायजे, धुवून धुवून मऊ झालेलं."

आमच्या घरात आई गाऊन घालते, वनितावहिनी ड्रेस. सगळ्या आळीत विचारलं, लुगडं कुणाकडेच उरलेलं नाही. एका काकूंनी नायलॉनची साडी काढून दिली, ती मी आपण होऊनच परत केली. जिजा सध्या सुनेची चुंबळ मागून नेते, आणि सून मला स्टेशनात दिसली की लांबूनच स्वतःच्या डोक्यावर हात ठेवून दाखवते.